राजा कुणाला विचारतो? प्राचीन चीनचा कारभार, हाडांपासून बांबूच्या पट्ट्यांपर्यंत

जुनंदप्तर | शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि ३३ वर्षांनी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. गेली दोन-तीन वर्षं प्राचीन चीनचा इतिहास वाचतोय. त्याची गोडी मला लावली ती तिथल्या एका कारकुनानं.

त्याचं नाव शी. डिसेंबर १९७५ मध्ये हूबेई प्रांतातल्या युनमंग तालुक्यात, श्वेहूदी इथे, कालव्याचं खोदकाम चालू असताना जुनी थडगी लागली. ११ नंबरच्या थडग्यात चाळिशीतल्या पुरुषाचा सांगाडा होता. त्याच्या डोक्याशी, उजव्या कुशीला, पोटावर आणि पायाशी बांबूच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या, १,१०० हून जास्त. माणसाबरोबर त्याचं दप्तरच पुरलं होतं. पट्ट्यांवर शाईनं लिहिलेले कायदे, कायद्याबद्दलची प्रश्नोत्तरं, चौकशी कशी करावी याच्या सूचना, आणि साल-दरसाल टिपणं. त्या टिपणांवरून कळतं की शी इ.स.पू. २६२ मध्ये जन्मला, छिन राज्यात लेखनिक झाला, पुढे खटल्यांच्या कामावर गेला. राज्याच्या लढाया आणि घरातले जन्म-मृत्यू एकाखाली एक लिहिलेत. इ.स.पू. २१९ च्या नोंदीत फक्त चार अक्षरं आहेत: आताचे महाराज आनलूवरून, म्हणजे शीच्या तालुक्यावरून, गेले. हे महाराज म्हणजे चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग. आमच्याकडे मोठ्या माणसाचा दौरा झाला की डायरीत आम्हीही एवढंच लिहायचो.

शीच्या दप्तराकडे परत येतो. पण त्याआधी मागे जावं लागेल, कारण मला एकच प्रश्न पडलाय: राजा निर्णय घेण्याआधी कुणाला विचारतो? आणि चुकला तर कुणापुढे उभा राहतो?

शांग राजे (साधारण इ.स.पू. १६०० ते १०४६) मेलेल्या वाडवडिलांना विचारत. त्यांची शेवटची राजधानी आजच्या अन्यांग शहरापाशी होती. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचं, मागून खळगे कोरायचे, तिथे चटका द्यायचा. पुढच्या बाजूला तडा जातो. तो तडा वाचायचा. प्रश्न कुठले? पाऊस पडेल का, पीक येईल का, अमुक टोळीवर चाल करावी का, राजाचा दात दुखतोय तो कुठल्या पितराच्या रागामुळे. पुढचे दहा दिवस बरे जातील ना, हे तर दर दहा दिवसांनी विचारायचे, कारण त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. प्रश्न हाडावरच कोरून ठेवत, राजानं काय अर्थ लावला तेही, आणि कधीकधी पुढे खरोखर काय घडलं तेसुद्धा.

ही हाडं शेकडो वर्षं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानांत कुटून विकली जात होती. १८९९ मध्ये बीजिंगमधल्या वांग यीरोंग या विद्वानानं त्यावरची अक्षरं ओळखली. १९२८ पासून अन्यांगला रीतसर उत्खनन सुरू झालं. १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात १७ हजारांहून जास्त तुकडे सापडले. त्या खड्ड्याला मी राजाचं अभिलेखागार म्हणतो.

मग झोउ आले. पश्चिमेकडचे, शांगांचे मांडलिक. मूये इथल्या लढाईत, साधारण इ.स.पू. १०४६ मध्ये, त्यांनी शांगांना हरवलं. एका कांस्यपात्रावर त्या विजयाची नोंद कोरलेली मिळालीय, लढाईनंतर आठवड्याभरातली. पण जिंकल्यावर पेच पडला. आपणच ज्याचे मांडलिक होतो त्याला मारून गादीवर बसलो, तर उद्या आपला मांडलिक तेच करणार नाही कशावरून? झोउंनी दिलेलं उत्तर पुढे तीन हजार वर्षं चीनमध्ये चाललं. त्यांनी सांगितलं की राज्य करण्याची आज्ञा थ्येन, म्हणजे आकाश, देतं. राजा बिघडला की ती काढून घेतं. ही 'थ्येनमिंग', आकाशाची आज्ञा. शांगांनी ती का गमावली याचं कारण एका मोठ्या कांस्य तिवईवर कोरलंय: सरहद्दीवरचे सरदार आणि दरबारातले अधिकारी दारूत बुडाले म्हणून.

विचार करा, हे किती धाडसाचं आहे. आपल्या गादीचं समर्थन करताना त्यांनी आपलीच गादी जाऊ शकते हे लिहून ठेवलं.

राज्य चालवायला त्यांनी भाऊबंद, नातलग आणि जुने सोबती ठिकठिकाणी बसवले. एका जुन्या विचारवंतानं ७१ राज्यं सांगितलीत, त्यांतली ५३ राजाच्या स्वतःच्या कुळाची. आपल्या भाषेत वतनं वाटली म्हणा. दोन-तीन पिढ्यांत भाऊ चुलत झाले, चुलत परके झाले. इ.स.पू. ७७१ मध्ये राजा यौ मारला गेला, राजधानी पूर्वेला लोयांगकडे गेली, आणि राजा नावापुरता उरला. पुढची पाचशे वर्षं राज्यांनी राज्यं गिळली.

त्या गिळागिळीत पश्चिमेचं छिन जिंकलं. तिथे शांग यांग नावाच्या मंत्र्यानं इ.स.पू. ३५६ आणि ३५० मध्ये दोन फेऱ्यांत सगळी घडी बदलली. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट, एकानं गुन्हा केला आणि बाकीच्यांनी कळवला नाही तर सगळे जबाबदार. घरात दोन कर्ते मुलगे असून वेगळे झाले नाहीत तर कर दुप्पट. लढाईतल्या पराक्रमावर पदव्या, कुळावर नाही. राज्याचे तालुके पाडले, त्यांवर राजधानीतून नेमलेला अधिकारी, ज्याचा मुलगा वारसानं तिथे बसणार नाही. आणि मापं एक केली. इ.स.पू. ३४४ चं त्याचं एक कांस्याचं माप आज शांघायच्या संग्रहालयात आहे, जेमतेम २०० मिलिलिटरचं. त्याच्या बुडावर शंभराहून जास्त वर्षांनी पहिल्या सम्राटाची आज्ञा कोरली गेली: हेच माप आता सगळ्या देशात. राजे बदलले, मंत्री मेला, माप तेच राहिलं.

म्हणजे पितर, मग आकाश, आणि शेवटी नोंदवही. छिनचा राजा नोंदवहीला विचारतो. किती घरं, किती धान्य, किती बैल, किती पाऊस. शीच्या दप्तरातला एक नियम सांगून थांबतो. पेरणीच्या वेळी पाऊस झाला की किती शेताला फायदा झाला ते ताबडतोब लेखी कळवायचं. दुष्काळ, वादळ, पूर, टोळ यांनी नुकसान झालं तरी कळवायचं. जवळच्या तालुक्यांनी पायी जासूद पाठवायचा, लांबच्यांनी टपालाच्या टप्प्यांवरून. तोंडी निरोप चालणार नाही. पावसाळ्यात रोज सकाळी पर्जन्यमापकाचा आकडा वर कळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सव्वीसशे मैलांवरचा नाही, शेजारच्या टेबलावरचा माणूस वाटला तो मला.

तुमचं काय मत?

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:२५

काका, सुंदर लिहिलंय. पण शांगांबद्दल लिहिताना फू हाओ कशी राहिली?

वू दिंग राजाची ही राणी, साधारण इ.स.पू. १२०० मधली. हाडांवरच्या नोंदींत तिच्यासाठी ३,००० आणि आणखी १०,००० माणसं गोळा करून मोहिमेवर पाठवल्याचा उल्लेख आहे. ती यज्ञकर्मं चालवायची, तिची स्वतःची जमीन होती. १९७६ मध्ये झंग झनश्यांग या स्त्री पुरातत्त्वज्ञानं तिचं थडगं शोधलं, चोरांचा हात न लागलेलं. कांस्याच्या ४६८ वस्तू, ७५५ जेडच्या, आणि जवळजवळ सात हजार कवड्या. अन्यांग समुद्रापासून किती आत आहे ते नकाशात पाहा, म्हणजे त्या कवड्यांचं मोल कळेल. चिनी लिपीत धन, व्यापार, किंमत अशा कितीतरी शब्दांच्या चिन्हांत आजही कवडीचं चिन्ह आहे. आपण कवडीमोल म्हणतो ते नेमकं उलट झालं.

आता दुसरी बाजू. याच फू हाओच्या बाळंतपणाआधी राजानं हाडाला विचारलं. तडा वाचून तो म्हणाला, अमुक दिवशी झालं तर चांगलं, तमुक दिवशी झालं तर फारच शुभ. पुढे निकाल कोरलाय: ३१ दिवसांनी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी.

सेनापती असलेल्या बाईच्या पोटी मुलगी झाली तर 'चांगलं झालं नाही'. हे वाक्य मला विसरता येत नाही. चीनमधलं सर्वांत जुनं लेखन आपल्याला मिळतं, आणि त्यात हे आहे.

आणि थडग्यात तिच्यासोबत १६ माणसं पुरली होती. राजांच्या मोठ्या थडग्यांत तर शेकड्यांनी. बहुतेक युद्धात धरलेले, हाडांवर 'च्यांग' लोकांची नावं पुन्हा पुन्हा येतात. पितरांना किती बैल द्यावेत आणि किती माणसं, हा प्रश्न ते एकाच ओळीत विचारत. तुमच्या 'अभिलेखागारा'त हेही आहे.

---

जुनंदप्तर | शुक्रवार, रात्री १०:५०

रानजाई ताई, मान्य. मी ते गाळायला नको होतं. राजा पितरांना विचारतो असं मी लिहिलं, पण त्या विचारण्याची किंमत कोण देत होतं ते लिहिलं नाही.

---

ओसरी | शनिवार, सकाळी ७:४०

लेख आवडला, पण 'वतन' या शब्दाला माझी हरकत आहे.

आपल्या वतनात काम आणि हक्क एकत्र येतात, आणि ते घराण्याचं असतं. झोउंच्या व्यवस्थेत मुख्य धागा कुळाचा आहे. थोरल्या बायकोच्या थोरल्या मुलाची मुख्य शाखा, बाकीच्यांच्या उपशाखा, आणि पितरांच्या देवळात कुणी कुठे उभं राहायचं हे त्यावरून ठरतं. राज्य हे कुटुंबाच्या देवघराचं वाढवलेलं रूप आहे. राजा मुख्य घराचा कर्ता म्हणून आकाशाची पूजा करतो, धाकटी घरं आपापल्या संस्थापकाची.

आणि सगळंच जमिनीचं दान नव्हतं. पश्चिम झोउ काळाच्या मधल्या टप्प्यावरची कितीतरी कांस्यपात्रं नेमणुकीची आहेत. मजकूर ठरावीक: राजा पहाटे देवळात आला, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला, अमुक माणसानं उमेदवाराला आत आणलं, लेखनिकानं नेमणूकपत्र वाचलं. मग काय काय दिलं याची यादी. पोशाख, तांबडे गुडघेपट्टे, घंटा लावलेलं निशाण. शेवटी उमेदवार म्हणतो, मी हे भांडं घडवलं, मुलानातवंडांनी ते कायम जपावं, वापरावं. म्हणजे छिनच्या खूप आधीपासून नेमणुकीचा लेखी आदेश आहे, लेखनिक आहे, साक्षीदार आहे. तुमचा कारकून शी आकाशातून पडला नाही.

आणखी एक. राजाला जाब विचारणारे फक्त पितर आणि आकाश नव्हते. इ.स.पू. ८४१ मध्ये राजधानीतल्या लोकांनी राजा ली याला हाकलून लावलं. त्यानं राजाविरुद्ध बोलणाऱ्यांवर हेर सोडले होते, लोक रस्त्यात भेटले तर फक्त डोळ्यांनी बोलत. शाओच्या सरदारानं त्याला बजावलं होतं की लोकांचं तोंड बंद करणं नदीला बांध घालण्यापेक्षा धोक्याचं, बांध फुटला की जास्त माणसं मरतात. तीन वर्षांनी बांध फुटला. चिनी इतिहासात जिथून सलग, पक्की सालं मोजता येतात ते वर्ष हेच, राजाला हाकलल्याचं.

---

नवीनवाचक | शनिवार, सकाळी ९:०५

एक बारीक शंका. शांग यांग हा शांग राजवंशातला का? नाव तेच आहे म्हणून विचारते.

---

ओसरी | शनिवार, सकाळी ९:३०

नाही. तो वेई नावाच्या छोट्या राज्यातल्या राजघराण्याच्या धाकट्या पातीतला. छिनमध्ये त्याला शांग नावाची जहागीर मिळाली म्हणून तो शांग यांग. दोघांत सातशे वर्षांचं अंतर आहे.

त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. नवे कायदे जाहीर करण्याआधी त्यानं राजधानीतल्या बाजाराच्या दक्षिण वेशीवर एक लाकडी खांब उभा केला. हा उत्तर वेशीवर नेईल त्याला दहा मोहरा. कुणी पुढे येईना, एवढ्याशा कामाला एवढे पैसे कोण देतं? त्यानं पन्नास केले. एकानं नेला, त्याला तिथल्या तिथे पन्नास मिळाले. सरकार बोलतं ते करतं, हे लोकांना आधी दाखवलं, मग कायदे लावले. युवराजानं कायदा मोडला तेव्हा युवराजाला हात लावता येत नव्हता, तर त्याच्या शिक्षकांना शिक्षा केली.

त्याच युवराजानं गादीवर आल्यावर, इ.स.पू. ३३८ मध्ये, शांग यांगला ठार केलं आणि देहाचे रथांना बांधून तुकडे केले. पळताना तो एका धर्मशाळेत थांबायला गेला तेव्हा मालकानं ओळख पटल्याशिवाय जागा दिली नाही, शांग यांगचा कायदा आहे म्हणाला. सिमा च्येनसारखा इतिहासकार हे लिहितो.

---

तळकोकणी | शनिवार, सकाळी ११:१५

जुनंदप्तर, राग मानू नका, पण लेखातून छिन राज्याचं कौतुक झिरपतंय. हेच ते राज्य ज्यानं इ.स.पू. २१३ मध्ये पुस्तकं जाळली. सम्राटाच्या थडग्यासाठी आणि राजवाड्यासाठी सात लाख माणसं वेठीला धरली असं सिमा च्येन लिहितो. शेजाऱ्यानं शेजाऱ्यावर पाळत ठेवायची, नाही ठेवली तर दोघांना शिक्षा. पावसाचे आकडे वेळेवर कळवले म्हणून हे सगळं माफ होतं का? दप्तर चोख असणं आणि राज्य चांगलं असणं यांचा संबंध नाही. चोख दप्तरामुळेच माणूस निसटू शकत नाही.

---

जुनंदप्तर | शनिवार, दुपारी १२:४०

राग कशाचा, हा प्रश्न मलाही छळतोय. शीच्याच दप्तरातून लिहितो.

दुसऱ्याच्या झाडाची तुतीची पानं चोरली, किंमत एक नाणंही भरत नाही, तर शिक्षा काय? तीस दिवसांची वेठ. हे वाचून थबकलो होतो. हमरस्त्यावर कुणी कुणाला मारत असेल आणि शंभर पावलांच्या आत असलेले लोक मदतीला धावले नाहीत, तर त्यांना प्रत्येकी दोन चिलखतांच्या किमतीचा दंड. दंड भरायला पैसे नसतील तर अंगमेहनतीनं फेडायचा, रोजची आठ नाणी वळती, आणि सरकारनं जेवण दिलं तर सहाच. सक्तमजुरी करणाऱ्या पुरुषाला महिन्याला दोन माप धान्य, बाईला दीड.

पण त्याच दप्तरात अधिकाऱ्यांसाठीही असंच बारीक लिहिलंय. कोठारात उंदरांची तीन किंवा जास्त बिळं निघाली तर कोठीवाल्याला एका ढालीचा दंड. दोन असतील तर फक्त समज. छोट्या चिचुंद्र्या उंदरांची तीन बिळं म्हणजे मोठं एक बीळ. कुणीतरी खरोखर वाकून बिळं मोजली असणार, आणि कुणीतरी वाद घातला असणार की साहेब, हे लहान उंदराचं आहे. त्याशिवाय असा नियम लिहिला जात नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे, चोख नोंद माणसाला पकडून ठेवते. पण नोंद नसली की काय होतं तेही मी पाहिलंय. एका म्हातारीची जमीन तिच्या पुतण्यांनी बळकावली होती आणि तिच्याकडे एकही कागद नव्हता. मी तिच्यासाठी काही करू शकलो नाही. म्हणून असेल, मला ती बिळं मोजणारी माणसं शत्रू वाटत नाहीत.

---

मातीशी | शनिवार, दुपारी ३:२०

मी शेती करतो, म्हणून बैलांबद्दल विचारतो. छिनमध्ये सरकारी बैल होते का?

---

जुनंदप्तर | शनिवार, दुपारी ४:००

होते, आणि वर्षातून चार वेळा त्यांची पाहणी व्हायची, पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यात. पहिल्या महिन्यातली मोठी. ज्याचे बैल उत्तम त्या शेतीच्या अधिकाऱ्याला एक भांडं दारू आणि सुकवलेल्या मांसाची एक जुडी. बैल सांभाळणाऱ्याला एका पाळीची सूट. ज्याचे सर्वांत वाईट त्याला समज, आणि सांभाळणाऱ्याला दोन महिन्यांचा भुर्दंड. नांगराला लावून बैलाचा घेर कमी झाला तर इंचामागे दहा फटके, बैलाला नाही, माणसाला.

जंगलाचेही नियम आहेत. वसंताच्या दुसऱ्या महिन्यात रानातलं लाकूड तोडायचं नाही, पाणी अडवायचं नाही. उन्हाळा येईपर्यंत गवत जाळायचं नाही, पिल्लं, अंडी काढायची नाहीत, पाण्यात विष टाकून मासे मारायचे नाहीत. फक्त घरात कुणी मेलं आणि शवपेटीसाठी लाकूड हवं असेल, तर तो काळ पाळायची गरज नाही.

---

मातीशी | शनिवार, सायंकाळी ६:१०

शवपेटीची सूट वाचून बरं वाटलं. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्या घरी कुणीतरी अवेळी गेलं असणार.

---

शाईदौत | शनिवार, रात्री ८:३०

मी वकिली करते, मला वेगळ्या ठिकाणी थांबावंसं वाटतं. कायदा लिहून लोकांपुढे ठेवायचा का, हाच मुळात मोठा वाद होता.

इ.स.पू. ५३६ मध्ये झंग राज्याचा मंत्री त्झछान यानं दंडाचे कायदे कांस्याच्या तिवईवर ओतवून घेतले, सगळ्यांना दिसतील असे. शेजारच्या चिन राज्यातला (हे छिन नव्हे, वेगळं राज्य) शू श्यांग त्याचा मित्र. त्यानं कळकळीचं पत्र पाठवलं. लोकांना कायदा ठाऊक झाला की ते वरिष्ठांना भिणार नाहीत, अक्षराकडे बोट दाखवून भांडतील, सुईच्या टोकाएवढ्या गोष्टीवरून वाद घालतील. त्झछाननं उत्तर दिलं: मी मुलानातवंडांपर्यंतचा विचार करण्याइतका थोर नाही, मी आत्ताच्या माणसांना वाचवण्यासाठी हे करतोय.

रोज कोर्टात अक्षराकडे बोट दाखवून भांडणं हेच माझं काम आहे. शू श्यांगला ज्याची भीती वाटली तो माझ्या अशिलाचा आधार आहे. पुढे चिन राज्यानंही इ.स.पू. ५१३ मध्ये लोखंडी तिवईवर कायदे ओतले तेव्हा कन्फ्युशियस नाराज झाला होता. उच्चनीच क्रम मोडेल अशी त्याची भीती होती. कन्फ्युशियसबद्दल मला आदर आहे, पण इथे मी त्झछानच्या बाजूची.

त्याच त्झछानला कुणीतरी सुचवलं होतं, गावच्या शाळेत लोक जमून कारभारावर टीका करतात, ती शाळा पाडा. तो म्हणाला, पाडू कशाला? त्यांना जे आवडतं ते मी करीन, जे आवडत नाही ते सुधारीन, ते माझे गुरू आहेत.

---

ओसरी | रविवार, सकाळी ८:१५

शाईदौत ताई, कन्फ्युशियसच्याच परंपरेतला विचारवंत मेन्सियस याच वाटेनं आणखी पुढे गेला. लोक सर्वांत महत्त्वाचे, मग राज्याचे देव, राजा सर्वांत हलका, असं तो म्हणाला. एका राजानं त्याला विचारलं, मांडलिकानं राजाला मारावं का? मेन्सियस म्हणाला, झोउ नावाच्या एका माणसाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं नाही. हा झोउ म्हणजे शांगांचा शेवटचा राजा, झोउ घराण्यातला नव्हे. झोउंनी आपल्या गादीसाठी काढलेल्या विचाराचं हे टोक.

आता तळकोकणींच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट. छिनविरुद्धचं पहिलं बंड इ.स.पू. २०९ चं. छन शंग आणि त्याच्याबरोबरचे ९०० जण सरहद्दीवर चालले होते, पावसानं रस्ते बुडाले, उशीर होणार हे नक्की झालं. उशिराची शिक्षा मृत्यू, मग बंड करून मेलेलं काय वाईट, असं म्हणून ते उठले. सिमा च्येननं असं लिहिलं आणि दोन हजार वर्षं सगळ्यांनी तसंच मानलं. शीच्या दप्तरात मात्र वेठीला उशिरा येणाऱ्यांची शिक्षा अशी: तीन ते पाच दिवस उशीर, तर समज. सहा ते दहा, तर एक ढाल दंड. त्याहून जास्त, तर एक चिलखत. आणि पाऊसपाण्यामुळे काम होणार नसेल तर माफ.

सैन्याचा नियम वेगळा असू शकतो, शेवटच्या वर्षांत कायदा कडक झाला असू शकतो, किंवा छन शंगनं माणसांना उठवायला ते तसं सांगितलं असेल. मला तिसरं जास्त पटतं. लोक आधीच पिचलेले होते, निमित्त पुरेसं होतं.

---

तळकोकणी | रविवार, सकाळी १०:००

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. माझं मत छिनबद्दल बदललं नाही, पण छन शंगची गोष्ट आता पूर्वीसारखी सांगता येणार नाही.

---

जुनंदप्तर | रविवार, सकाळी ११:२०

छिन पडलं तेव्हाची एक गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. इ.स.पू. २०६ मध्ये बंडखोरांचा एक पुढारी ल्यौ पांग याचं सैन्य राजधानीत, श्येनयांगला, शिरलं. सरदार धावले ते सोनं-नाणं आणि रेशमाच्या कोठारांकडे. श्याओ ह नावाचा त्याचा साथीदार, जो पूर्वी तालुक्याला कारकून होता, तो एकटा गेला छिनच्या कचेरीकडे आणि कायद्यांचे दस्त, नकाशे, घरांच्या नोंदवह्या उचलून आणल्या. पुढे राजवाडे जळाले. पण ल्यौ पांगला कुठल्या खिंडी महत्त्वाच्या, कुठे किती घरं, कुठे लोकांचे हाल, सगळं ठाऊक होतं, कारण त्या वह्या त्याच्याकडे होत्या. त्याच्या हान राजवटीनं शिक्षा सौम्य केल्या, काही भाग पुन्हा नातलगांना वाटले, पण तालुके आणि नोंदवह्या छिनच्याच ठेवल्या. इ.स. २ मध्ये हानांनी माणसं मोजली: ५,९५,९४,९७८. शेवटचे अठ्ठ्याहत्तर बघा.

---

नवीनवाचक | रविवार, दुपारी २:४५

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळालं. पण राजे, मंत्री, कारकून सगळे बोलले. ज्यांची मोजणी झाली ती माणसं कुठे बोलतात का?

---

जुनंदप्तर | रविवार, रात्री ९:३०

बोलतात, आणि शीच्या अगदी शेजारीच. त्याच श्वेहूदीत ४ नंबरच्या थडग्यात दोन लाकडी पट्ट्या सापडल्या, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. हेय-फू आणि चिंग या दोघा भावांनी मोहिमेवरून घरी थोरल्या भावाला, झोंगला, पाठवलेली पत्रं. काळ इ.स.पू. २२३ चा, छिन आपल्या एका मोठ्या शत्रूशी, छू राज्याशी, लढत होतं तेव्हाचा. चीनमध्ये सापडलेली ही सर्वांत जुनी घरची पत्रं.

हेय-फू विचारतो, आई बरी आहे ना? पैसे पाठवा, उन्हाळ्याचे कपडे पाठवा. मग लगेच हिशोब: आईनं आनलूत बघावं, कापड स्वस्त असेल तर तिथेच शिवून पैशांबरोबर पाठवावं, महाग असेल तर नुसते पैसे पाठवा, मी इथे कापड घेईन. आणि विचारतो, घरी पदवी आली का? म्हणजे शांग यांगनं लावून दिलेली तीच पराक्रमाची पदवी. सव्वाशे वर्षांनंतर एक शिपाई लढाईवरून पत्रातून विचारतोय की कागद घरी पोहोचला का.

चिंगनं पाच-सहाशे नाणी मागितलीत आणि चांगलं कापड, पंचवीस फुटांपेक्षा कमी नको. ओळखीच्या एकाचे पैसे त्यानं खर्चून टाकलेत. घरून आले नाहीत तर मेलोच, असं लिहून पुढे एकच अक्षर तीनदा काढलंय: तातडीचं, तातडीचं, तातडीचं.

मग आत्याला नमस्कार, शेजाऱ्यांना नमस्कार. नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांकडे नीट बघावं. नव्यानं जिंकलेल्या मुलखात चोर शिरलेत, झोंगदादा, तू तिकडे जाऊ नकोस. आणि मी घरापासून लांब आहे, तेव्हा दादा, पोरीला तू समजावून सांग, सरपण आणायला लांब जाऊ नको म्हणावं.